जनाना दवाखान्याची मागची भिंत

उस्ताद,

तुम्हाला माती देऊन आज अकरा दिवस झाले. कब्रस्तानात तुमच्या धाकट्या भावानं, याकूबभाईनं, मला पुढं ओढलं आणि म्हणाला, "साहेब, तुमी बी टाका. भाई तुमचं नाव लई घ्यायचे." मी तीन मुठी टाकल्या. तुम्ही कुठलीही माती आधी दोन बोटांत चोळून बघायचात, ती सवय मलाही लागलेली. चोळली तर खडे लागले. एवढ्या लोकांत कुणाला सांगणार? तसाच उभा राहिलो.

मी सरकारी ओव्हरसियर, तुम्ही गवंडी. वसमतचा तीस खाटांचा जनाना दवाखाना आपण दोघांनी उभा केला. नकाशा माझा, हात तुमचे, असं गावात सगळे म्हणतात. पण आपल्यात एक भांडण राहून गेलं ते गावाला ठाऊक नाही. तुम्हाला मागच्या भिंतीत दार पाहिजे होतं, आणि मी ते दिलं नाही. साडेतीन वर्षं आपण त्यावर भांडलो, आणि भांडण मिटायच्या आत तुम्ही उठून चालते झालात. हे काही बरं केलं नाही तुम्ही. एकट्यानं कुणाशी भांडू आता?

तुम्हाला वाचता येत नव्हतं. नकाशावरचे सरकारी शेरे उर्दूत यायचे, ते मीच तुम्हाला वाचून दाखवायचो. तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणायचात, "जबान आमची, आन् वाचून राहिला कळमनुरीचा बामन." हे लिहून झालं की मोठ्यानं वाचणार आहे. घरात आज कुणी नाही. तुम्ही ऐकताय असं धरून चालतो.

मी हैदराबादेहून नकाशे काढायला शिकून आलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि शिंगं फुटलेली होती. जागेवर पहिल्या दिवशी पत्र्याच्या नळीतून नकाशा काढला, दगडावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. तुम्ही उकिडवे बसून बराच वेळ बघितलंत. मला वाटलं आता हे म्हणतील, काय नकाशा आहे. तुम्ही म्हणालात, "चित्र ब्येस काढलं. आता दवाखाना कुठं हाय ते दाखवा."

मी म्हटलं, "हाच दवाखाना."

"ह्यो कागद हाय. कागदावर बाळंत न्हाई होता येत."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. सोमवारी पाया खणायला सुरुवात करायची असा माझा बेत होता, तसं मी परभणीला कळवलंही होतं. तुम्ही म्हणालात, चार दिवस द्या. आणि चुन्याची फक्की मागवून त्या मोकळ्या जागेवर माझा सगळा नकाशा आखलात, एकाला एक, पूर्ण मापाचा. दोरी, खुंट्या आणि काटकोन धरायचा लाकडी गुण्या, एवढ्यावर. संध्याकाळपर्यंत जमिनीवर दवाखाना तयार. सगळ्या भिंती पांढऱ्या रेघांच्या. मी माझ्याच खोल्यांतून फिरलो आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. पण तुम्हाला तसं बोललो नाही.

मग तुमची रीत कळली. तुमच्या वडलांची, त्यांच्याही वडलांची. आखून झालं की काम बंद ठेवायचं आणि चार दिवस लोकांना त्यातून चालू द्यायचं. ज्यांचं घर त्यांना, शेजाऱ्यांना, वाटसरूंना, गुराढोरांनासुद्धा. रोज सकाळी जाऊन बघायचं, रेघ कुठं पुसली. तुम्ही मला म्हणालात, "जिथं रेघ मोडती तिथं दार. मानूस खोटं बोलंल, पाय न्हाई बोलत."

दुसऱ्या दिवशी तुम्ही एक बाज आणवलीत, मला तिच्यावर निजवलंत आणि चार गड्यांना म्हणालात, उचला साहेबाला, फिरवा खोल्याखोल्यांतून. मी नको नको म्हणत होतो. बाजारातले लोक गोळा झाले. पुढं इथंच आलेल्या डॉक्टरीणबाई तेव्हा गावच्या जुन्या दवाखान्यात नुकत्याच नेमणुकीवर आल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाळंतपणाच्या खोलीकडं वळायचा माझा जो बोळ होता, तिथं बाज वळेचना. पुढचे दोघे रेघेच्या आत, मागचे दोघे रेघेवर, आणि मी मधे तिरपा. एकाचा पाय घसरला आणि ओव्हरसियर साहेब फक्कीत लोळले. उठलो तेव्हा मिशीसुद्धा पांढरी झाली होती. बोळ दीड हातानं रुंद केला. नकाशावर तसं लिहिलं, सही केली.

ती पहिली हार. भर बाजारात झाली. म्हणून दुसरी पचली नाही.

मागच्या बाजूला विहीर, आणि विहिरीला लागून गल्ली. पिंजाऱ्यांची घरं, मोमिनांची, पुढं मोळ्या विकणाऱ्या बाया राहतात. माझ्या नकाशात तिकडची भिंत सलग होती. एक खिडकी नाही, दार नाही, चोपन्न फूट कोरी. रोज सकाळी त्या रेघेचा एक तुकडा पुसलेला असायचा. तोच. साडेतीन-चार हातांचा. पाण्याला जाणाऱ्या बाया तिथूनच आत घुसायच्या आणि सरळ आरपार जायच्या. मी फक्की भरून रेघ पुन्हा ओढायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसलेली.

"राव, रेघ मोडून राहिली," तुम्ही म्हणालात.

"विहिरीची वाट आहे म्हणून. भिंत झाली की वळसा घालून जातील."

"वळसा घालून पाण्याला जातील. दवाखान्यात न्हाई येनार."

मी म्हटलं, पुढं एवढं मोठं दार आहे, सात पायऱ्या आहेत, कमान आहे. तुम्ही म्हणालात, त्याच्यासमोर आडतीची दुकानं हायेत, दुकानांच्या ओट्यावर दिवसभर बाप्ये बसून राहिले, कोन बाई पोट घेऊन त्या सात पायऱ्या चढंल? मी म्हटलं, दवाखान्याला एकच दार असावं लागतं, एकच पहारा. मागं दार ठेवलं की कुत्री येतात, चोऱ्या होतात, घाण होते. तसं मला शिकवलेलं होतं. तुम्ही म्हणालात, "शिकवनारा बाप्याच आसंल."

मग मी हट्टाला पेटलो. त्या तुकड्यावर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. दुसऱ्या दिवशी काट्या नीट बाजूला ठेवलेल्या आणि रेघ पुसलेली.  तुम्ही नुसतं थापीनं तिकडं दाखवलंत आणि चहा प्यायला गेलात. त्या थापीचा मला इतका राग आला होता, उस्ताद, की आठवण झाली तर अजून कान तापतात. चौथ्या दिवशी मी पाया खणायला लावला. मागची भिंत कोरी. मंजूर नकाशा आहे, सही-शिक्का आहे, एक वीट इकडची तिकडं होणार नाही, असं सगळ्या गड्यांदेखत सुनावलं. तुम्ही मान हलवून म्हणालात, "बराबर हाय. साहेब म्हनतील तसं."

तुमचं 'बराबर हाय' ऐकून मी खूष झालो. मूर्ख.

पण त्यानंतरची दोन वर्षं.  आयुष्यात इतकं मी कधी शिकलो नाही, आणि शिकवणाऱ्यानं मला कधी जाणवू दिलं नाही की मी शिकतो आहे. चुना पुरता मुरल्याशिवाय तुम्ही घाणीला बैल जुंपू द्यायचा नाहीत. मी हिशेबाचे दिवस मोजायचो, तुम्ही चिमूटभर चुना जिभेवर ठेवायचात आणि म्हणायचात, अजून चावून राहिला, थांबा. कागदावर मी कामाचा कारभारी. खरा कारभार तुमचा. उद्या कोणत्या भिंतीवर कोण, विटा कुठं पडल्या पाहिजेत, पाण्याच्या पखाली किती वाजता आल्या पाहिजेत, हे तुम्ही आदल्या दिवशी उन्हं उतरताना चालत चालत ठरवायचात आणि मी मागं मागं लिहून घ्यायचो. एकदा विटा दुपारपर्यंत आल्या नाहीत आणि बारा गवंडी बसून राहिले. मी त्यांच्यावर ओरडलो. तुम्ही मला कडुनिंबाखाली नेलंत. "त्यांच्यावर काहून वरडता? काम करनाऱ्याला काम न्हाई पुरवलं, तर गुन्हा पुरवनाऱ्याचा." तेव्हापासून मी कुठल्याच गवंड्यावर ओरडलो नाही. तुमच्यावर ओरडलो, ते वेगळं.

त्या कडुनिंबाखाली तुम्ही माझ्यासाठी पाण्याचं वेगळं मडकं ठेवलं होतं. मी मागितलं नव्हतं. माझ्या आईला कळलं तर काय, याची काळजी तुम्हालाच. वैशाखात एकदा ते मडकं फुटलं, मी सरळ तुमचं उचललं आणि घटाघटा प्यालो. तुम्ही घाबरून इकडंतिकडं बघितलंत आणि म्हणालात, "राव, कोनी पाह्यलं तर?" मी म्हटलं, पाह्यलं तर पाह्यलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा माझं वेगळं मडकं भरून तयार. तसे तुम्हीही हट्टीच होता.

मागची भिंत खांद्याएवढी आली तेव्हा मला किनवटला जावं लागलं. छताच्या सागवानी तुळया जंगलात जाऊन निवडायच्या होत्या. जाऊन येऊन पंधरा दिवस गेले. परत येऊन बघतो तर मागची भिंत तुळयांच्या पातळीपर्यंत चढलेली, आणि वर, आतून-बाहेरून गिलाव्याचा पहिला हातसुद्धा झालेला. माझं डोकंच फिरलं. छपराचा पत्ता नाही आणि गिलावा? आधी कळस मग पाया. सगळ्यांदेखत मी तुम्हाला झापलं. तुम्ही थापी खाली ठेवून उभे राहिलात. "विहिरीची ओल येती साहेब ह्या अंगानं. वीट प्यायली आसती." मी म्हटलं, एवढी वर्षं काम करून हे कळत नाही? तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. भिंत मात्र इतकी भराभर उठवली म्हणून मी संध्याकाळी तुमची पाठ थोपटली. त्या थोपटण्याची आता लाज वाटते.

दवाखान्याचं उद्घाटन झालं. जिल्ह्याचे तालुकदार साहेब आले, हारतुरे झाले, पुढची कमान सगळ्यांनी वाखाणली. तुम्ही गर्दीत मागं उभे होतात, नवा फेटा बांधून. मी तुम्हाला पुढं बोलावलं तर हातानंच नको म्हणालात.

आणि मग बाया आल्याच नाहीत.

पहिला महिना मी म्हटलं, नवं आहे. दुसरा महिना म्हटलं, बिचकतात. डॉक्टरीणबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलाशी बसून असायच्या, तीस खाटांवर पांढऱ्या चादरी, बहुतेक कोऱ्या. मोमिनांच्या बायका बुरखा घेऊनही त्या ओट्यांसमोरून यायला तयार नाहीत. देशमुखांच्या घरच्या बायका छकड्याला पडदा लावून आणायच्या म्हटलं, तर उतरायचं बाजारातच. विहिरीच्या गल्लीतली कोंडाबाई मोळी विकते, तिला मी विचारलं, "तुम्हाला कसला पडदा? रोज बाजारातून जाता की."

कोंडाबाई म्हणाली, "मोळी घेऊन जाते साहेब. पोट घेऊन न्हाई."

तुम्ही तेव्हा दुसऱ्या कामावर होतात, पण आठवड्याला एकदा चक्कर मारायचात.  मागच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहायचात आणि मी दुसरीकडं बघायचो. विषय निघालाच तर मी म्हणायचो, आता कसलं दार, वर तुळया बसल्या, छपराचं सगळं ओझं त्या भिंतीवर आलं, फोडली तर ती बाजू खाली येईल. हे खोटं नव्हतं. कुठल्याही ओव्हरसियरला विचारा, हेच सांगेल. पण मी ते इतक्यांदा आणि इतक्या घाईनं का सांगत होतो, हे मला ठाऊक होतं. माझ्या चुकीला आता तुळयांचा आधार मिळाला होता.

मग कोंडाबाईच्या लेकीचं झालं. रुक्मिणीचं. पहिलं बाळंतपण, सकाळपासून कळा, सुईणीनं हात टेकले. सुईण स्वतः म्हणाली, दवाखान्यात न्या. घर आणि दवाखाना यांच्यात ती एक भिंत, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. बाजाराचा दिवस होता. पुढच्या रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नाही. बाजार उठेपर्यंत थांबू, घरचे म्हणाले. दिवेलागणीला तिला बाजेवर घालून, घोंगडीनं झाकून, वळसा घालून पुढनं आणली. डॉक्टरीणबाईंनी रुक्मिणीला वाचवलं. लेकरू गेलं होतं. बाई मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, दुपारी आणली असती तर दोघं वाचली असती.

 एवढं सांगून डॉक्टरीणबाई आत गेल्या. मी मागच्या बोळात जाऊन त्या भिंतीला हात लावून उभा राहिलो. पलीकडून रहाटाचा आवाज येत होता. बाया पाणी ओढत होत्या, बोलत होत्या, एकेक शब्द ऐकू येत होता.

चार दिवसांनी तुमच्या घरी आलो. तुम्ही अंथरुणाला खिळलात हे ऐकलं होतं. येताना सगळ्या वाटेनं मनात एकच वाक्य घोकत होतो, उस्ताद, तुमचं बराबर होतं, माझं चुकलं. एवढंच. सहा शब्द. दारात पाय ठेवला, तुम्हाला बघितलं, छातीचा पिंजरा झालेला. आणि मी काय बोललो? हवा बदलली, म्हटलं. कापूस बरा आहे यंदा, म्हटलं.

तुम्ही विचारलंत, "राव, नोकरी पक्की झाली का?"

मी म्हटलं, झाली. कायम केल्याचा कागद मागच्या महिन्यातच आला.

तुमचा चेहरा उजळला. मला वाटलं माझ्यासाठी आनंद झाला. तुम्ही म्हणालात, "मंग ब्येस झालं. आता मागल्या भितीडाचं बोलू."

मी एकदम तडकलो. रुक्मिणीचं लेकरू माझ्या छातीवर बसलेलं, आणि तुम्ही मला तेच काढून दाखवताय असं वाटलं. मी म्हटलं, "उस्ताद, किती वेळा सांगू, ती भिंत आता फुटत नाही. वर तुळया आहेत."

तुम्ही म्हणालात, "फोडून तर पाहा." आणि पुढं काही सांगणार तोच खोकल्याची उबळ आली. थांबेचना. तुम्ही हात वर केलात, थांबा म्हणून. मी ते बघितलं. आणि तरी उठलो. म्हटलं, छप्पर बायांच्या डोक्यावर आलं तर जबाबदार कोण? चहा आला होता, तो तसाच ठेवून बाहेर पडलो. तुमचा श्वास जागेवर येईपर्यंत, एवढंसं थांबायचं होतं. तेवढं थांबलो नाही. गल्लीच्या टोकापर्यंत तुमचा खोकला ऐकू येत होता.

त्यानंतर नवव्या दिवशी याकूबभाईचा माणूस निरोप घेऊन आला.

तिसऱ्या दिवशीच्या फातेहाला तुमच्या घरी गेलो. निघताना याकूबभाईला बाजूला घेतलं. म्हटलं, मला ती भिंत फोडायची आहे. मंजुरी मागितली नाही, मागणार नाही, वरातीमागून घोडं काय कामाचं. आधी तुळयांना टेकू देऊ, छत उचलून धरू, मग हळूहळू फोडू, महिना लागला तर लागू दे. नोकरी गेली तर गेली. याकूबभाई माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, भावाच्या फातेहाला कसलं बोलतो हा माणूस, असं त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, "परवा येतो. टेकू न्हाई लागनार."

मी तरी टेकू लावलेच. आठ बल्ल्या. याकूबभाईनं मना केलं नाही. छिन्नी घेतली, भिंतीच्या कोपऱ्यापासून हातानं अंतर मोजलं, काही न विचारता एका जागी उभा राहिला आणि गिलावा उडवायला लागला. तोच तुकडा. जिथं फक्की पुसायची तो. वर डोक्याच्या उंचीच्या पुढं गेला तेव्हा गिलाव्याखालून विटा दिसल्या, आडव्या नाहीत, उभ्या. एकीला एक टेकून अर्धगोल गेलेल्या. मी वर बघत राहिलो. कमान होती. पुरी कमान, पक्क्या चुन्यातली, दोन्ही खांद्यांवर नीट बसलेली. तुळयांचं ओझं पहिल्या दिवसापासून तिच्यावर होतं. आणि कमानीच्या खालची भरणी चुन्यात नव्हतीच. नुसत्या मातीत. याकूबभाईनं छिन्नी ठेवून दिली आणि हातानं एक वीट ओढली. आली. दुसरी ओढली. आली.

 खालीच बसलो, त्या मातीत.

याकूबभाई म्हणाला, "तुमी किनवटला होता तवा केली. झालेली भिंत तेवढ्या तुकड्यात काढून मातीत भरली, वर कमान चढवली. भाईनं बाकीच्यांस्नी पुढल्या पायऱ्यांवर लावलं. हिकडं आमी दोघंच. गिलावा त्याच्यापायीच."

मी विचारलं, "काहून सांगितलं नाही मला?"

"भाई म्हनायचे, साहेबाची नोकरी कच्ची हाय. तपासनीत निघालं तर साहेबानं खरं सांगावं, मला म्हाईत न्हवतं म्हनून. मंग गवंड्यावर येईल, साहेबावर न्हाई." मग हातातली वीट खाली ठेवून म्हणाला, "रुक्मिनीचं झालं तवा मी म्हनलं, भाई, आता सांगा. म्हनले, साहेब येनार हायेत. आले की पह्यलं हेच सांगतो."

मी आलो होतो, उस्ताद.

किती रडलो ते याकूबभाईला विचारा. आणि रागही आला, तुमच्यावर. खरंच आला. मी झापलं तेव्हा सगळ्यांदेखत खाली मान घालून उभे राहिलात, खरं सांगितलं नाहीत. साडेतीन वर्षं मी भांडतो आहे आणि तुम्ही भांडण आधीच जिंकून भिंतीत घालून ठेवलेलं. पुन्हा पुन्हा तिथं येऊन उभे राहायचात, ते मला टोचायला नाही, मी कधी विचारतो याची वाट बघत. एका हाकेचा माणूस होता मी तुमच्या. एकदा दरडावून म्हणायचं होतंत, बस खाली, चहा पी, ऐक. मी ऐकलं असतं. बहुतेक ऐकलं असतं. नाही, मला माहीत नाही.

आज कुठल्याही कामावर गेलो की आधी तुम्हाला शोधतो. परवा कळमनुरीच्या रस्त्यावर एका पुलाचं काम चालू होतं, एक म्हातारा उकिडवा बसून चुना जिभेवर ठेवत होता. मी टांगा थांबवला. तो वर बघेपर्यंत मला ठाऊक होतं की तुम्ही नाही. तरी थांबवला.

काल दुपारी भरणी पुरती निघाली. खाली उंबऱ्याच्या जागी तुम्ही घडीव दगडही बसवून ठेवला होता, मागं जमीन चढाला म्हणून पायरीपुरता, एकच. कुणालाही चढता येईल इतका बुटका. मी त्यावर उभा राहून कमान खालून निरखत होतो. एकाही विटेत केसाएवढी भेग नव्हती. आठही टेकू उगाच उभे होते. तालुकदार विचारतील. विचारू देत. सांगेन, दार पहिल्यापासून होतं, आम्हाला दिसायला उशीर झाला.

विटांचा ढीग अजून उचलला नव्हता, माती पसरलेली होती, धूळ बसायची होती. विहिरीवरच्या बाया घागरी टेकवून बघत होत्या. त्यांच्यातली एक, मोमिनांची सून असावी, सातव्या-आठव्या महिन्याची, कोंडाबाईला हळूच म्हणाली, "हिकडून जाता येतंय व्हय?"  कोंडाबाईनं तिची घागर काढून घेतली, तिचा हात धरला आणि ढिगाऱ्याच्या कडेनं तिला घेऊन आली. बोळाच्या आतल्या टोकाला डॉक्टरीणबाई येऊन उभ्या होत्या.

मी मधेच उभा होतो, वर बघत, डोळे पुसत. कोंडाबाई माझ्यासमोर येऊन थांबली. रुक्मिणीनंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "दारातून सरा. लेकरूवाली बाई हाय."

मी सरलो, उस्ताद.